लाल रेनकोट, फिरोजी भिंत : रंगासाठी आवडलेला एक फोटो वाटताना

हौसेनं फोटो काढणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे. दर महिन्याला एक विषय ठरतो, प्रत्येक जण त्यावर एक फोटो सगळ्यांना पाठवतो आणि मग त्यावर चर्चा होते. एकदा विषय ठरला : 'मुख्यतः रंगासाठी आवडणारा फोटो'. त्यात आलेल्या एका फोटोचं पुढे काय झालं, त्याची ही सविस्तर नोंद. फोटो काढणारीनं लिहायला परवानगी दिली आहे, नावं मुद्दाम कुणाचीच दिलेली नाहीत. फाइल तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे तांत्रिक बाजू जरा जास्त खोलात जाईल. पण माझ्या मते या प्रकरणाचं मर्म त्या बाजूतच आहे.

फोटो

पन्हाळी पत्र्याची एक भिंत, गर्द फिरोजी रंगानं रंगवलेली. तिच्यावर एका खिळ्याला अडकवलेला लाल रेनकोट. लाल म्हणजे थोडा शेंदरीकडे झुकणारा. वेळ संध्याकाळची, सगळं सावलीत, त्यामुळे कुठेही कडक ऊन नाही की गडद छाया नाही. रेनकोटाच्या टोपीतून एक बारीक लाल नाडी खाली लोंबते आहे. माणूस नाही, प्रसंग नाही, मागचं-पुढचं काही कळत नाही. फोटोत एवढंच आहे.

आणि तरीही तिच्या मॉनिटरवर हा फोटो पाहिला की नजर हलत नाही. लाल आणि फिरोजी जिथे भेटतात ती कड स्थिर राहत नाही, थरथरल्यासारखी वाटते. रेनकोट कधी भिंतीच्या पुढे येतो, कधी भिंतीतच रुतल्यासारखा वाटतो. तिला आवडलं होतं ते हेच. ती म्हणाली होती, "लाल रंग सुंदर आहे म्हणून नाही पाठवत. ते दोन रंग एकमेकांना शांत बसू देत नाहीत, म्हणून पाठवतेय."

काय घडलं

फोटो मेसेजिंग ॲपवरून गेला. पहिली काही उत्तरं नेहमीची, 'रंग मस्त', 'छान फ्रेम'. (या 'रंग मस्त'चा मला मनापासून कंटाळा आहे. कुठला रंग, कुणाशेजारी, कशामुळे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. रंगावरच बोलायचं ठरलेलं असताना तरी थोडं थांबून पाहावं.) मग मतं फुटायला लागली. एकाला फोटो मळकट वाटला, लाल विटकरीकडे गेलेला आणि भिंत धुऊन फिकी झालेली. दुसऱ्याच्या फोनवर तो इतका भडक दिसला की त्यानं 'जरा अतीच एडिट केलंय' असं कळवलं. एकीनं विचारलं, "भिंत हिरवी आहे ना?" गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी, जे आयुष्यभर कृष्णधवल काम करत आले आहेत, थेट लिहिलं, "फोटोत आहे काय? एक कोट आणि एक भिंत. रंग काढून घेतला तर काय उरतं?"

त्यानंतर गटातल्या एका तरुण मुलानं चांगल्या हेतूनंच एक गोष्ट केली. फोटो स्वतःच्या फोनवर घेतला, सॅच्युरेशन (रंगाचा गर्दपणा) वाढवलं आणि परत पाठवला. सोबत लिहिलं, "ताई, जरा फिका वाटला म्हणून थोडा उठाव दिलाय." आता गटात दोन फोटो झाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिसरा, उबदार केलेला, पाठवला. लोक तिन्हींची तुलना करू लागले आणि बहुतेकांना उठाव दिलेला जास्त आवडला. तिनं एकच ओळ लिहिली : "यातला एकही माझा फोटो नाही." आणि ती गप्प झाली.

'यातला एकही' हे शब्द मला खटकले. पहिला तर तिनंच पाठवला होता. मग तोही तिचा का नाही?

तपास : आधी फाइल की आधी स्क्रीन?

रंगाबद्दल तक्रार आली की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'स्क्रीन कॅलिब्रेट करा', म्हणजे ती रंग बरोबर दाखवेल अशी जुळवून घ्या. फोटो काढणाऱ्यासाठी तो योग्यच आहे. पाहणाऱ्यांसाठी मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याच्या खिशातल्या फोनला आपण शिस्त लावू शकत नाही. म्हणून आधी एवढंच केलं, की आलेली फाइल आणि तिच्याकडची मूळ फाइल एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडल्या. एकाच स्क्रीनवर जो फरक दिसतो तो फाइलमधला, आणि तीच फाइल दोन फोनवर वेगळी दिसली तर तो फरक फोनचा. इतकी साधी विभागणी केली तरी अर्धा वाद मिटतो.

फरक फाइलमध्येच होता. दोन फाइलींत तोच फोटो आहे यावर विश्वास बसू नये इतका.

कारण असं. तिच्या कॅमेऱ्यात आणि एडिटिंगमध्ये रंगांची चौकट, म्हणजे फाइलमध्ये कुठल्या छटा लिहिता येतील याची हद्द, 'ॲडोबी आरजीबी' अशी ठेवलेली होती. ही चौकट १९९८ची. तिच्या आधी, १९९६ साली, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'एसआरजीबी' मांडली होती, आणि जिथे फाइल स्वतःबद्दल काही सांगत नाही तिथे आजही बहुतेक ठिकाणी एसआरजीबीच गृहीत धरली जाते. दोन्ही चौकटींचा लाल आणि निळ्याचा टोकाचा बिंदू एकच आहे. फरक आहे हिरव्याच्या टोकात, म्हणजे हिरवा आणि फिरोजी यांची जास्त गर्द छटा ॲडोबी आरजीबीत बसते, एसआरजीबीत बसत नाही. फिरोजी भिंत काढणाऱ्या व्यक्तीनं ही मोठी चौकट निवडली यात काहीच वावगं नव्हतं.

पण फाइलमधले आकडे एकटे काही सांगत नाहीत. कुठल्या चौकटीतले आकडे, हे सांगणारं प्रोफाइल फाइलच्या सोबत असावं लागतं. तिनं पाठवण्याआधी फाइल हलकी करायला एक साधन वापरलं होतं, आणि त्यात 'अनावश्यक माहिती काढून टाका' हा पर्याय चालू होता. त्या अनावश्यक माहितीत प्रोफाइलही निघून गेलं. आकडे तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला.

किती बदलला ते एका उदाहरणावरून कळेल. फाइलमध्ये प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहिलेला असतो. एसआरजीबीतला शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच रंग ॲडोबी आरजीबीत लिहायचा तर २१९, ०, ० होतो. प्रोफाइल हरवलं की समोरचा फोन २१९ हा आकडा एसआरजीबीतला समजून दाखवतो, आणि लाल मंदावतो. फिरोजीच्या बाजूनं उलट घडतं. एसआरजीबीतला टोकाचा फिरोजी म्हणजे ०, २५५, २५५. ॲडोबी आरजीबीत तो साधारण १४४, २५५, २५५ असा लिहिला जातो. अर्थ हरवल्यावर त्या १४४मुळे फिरोजीत खरोखरच लाल मिसळला जातो. रंग पांढुरका होतो आणि शिवाय उजळतो.

म्हणजे लाल काळवंडला आणि भिंत उजळली. दोन रंगांचं वजन सारखं होतं ते आता सारखं राहिलं नाही. फिक्या भिंतीवर गडद कोट असा एक सरळ, समजायला सोपा आणि अगदी निर्जीव फोटो लोकांसमोर गेला. तिनं पाठवलेलाही तिचा नव्हता, तो याच अर्थानं.

ज्येष्ठांचा प्रश्न, गंभीरपणे घेतलेला

'रंग काढून घेतला तर काय उरतं?' हा प्रश्न गटात काहींना टोमणा वाटला. मला तो या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी प्रश्न वाटला, म्हणून तो करूनच पाहिला. मूळ फाइलची राखाडी प्रत काढली.

रेनकोट गायब झाला.

अगदी शब्दशः नाही, कॉलरची सुरकुती आणि बाहीखालची सावली पुसट दिसत होती. पण लाल आणि फिरोजी दोन्ही जवळपास एकाच राखाडी छटेचे निघाले. नाडी तर शोधावी लागली. कड थरथरण्याचं कारणही इथेच आहे. दोन रंगांचा उजेड सारखा असला आणि रंग मात्र टोकाचे विरुद्ध असले, की नजरेची गडबड होते. वस्तू कुठे आहे, हलते आहे की स्थिर आहे, हे ठरवताना मेंदू मुख्यतः उजेड-अंधारातला फरक वापरतो, आणि त्या कामात रंगाची भूमिका फारच थोडी असते. इथे उजेडाचा फरकच नाही, त्यामुळे कोट कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे त्याला पक्कं ठरवता येत नाही.

ज्येष्ठांनी राखाडी प्रत पाहिली आणि म्हणाले, "मग हा फोटो रंगावरच उभा आहे." हो, अगदी तसंच. रंगीत छायाचित्र म्हणजे कृष्णधवल चित्रावर चढवलेली सजावट, हा समज जुना आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगल्स्टन यांचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली. साध्यासुध्या वस्तू आणि वर रंग, यात कला ती काय, असा एकूण सूर होता. त्याच माणसाचं लाल छताचं चित्र आज छायाचित्रणाच्या इतिहासात हमखास दाखवलं जातं, आणि त्यात छत, एक उघडा बल्ब आणि तारा याखेरीज फारसं काही नाही. त्याचे प्रिंट ज्या डाय-ट्रान्स्फर पद्धतीनं काढले गेले, तिच्यात चित्र तीन रंगांत वेगळं करून प्रत्येक रंग स्वतंत्रपणे कागदावर उतरवतात. रंगावरच उभं असलेलं चित्र दुसऱ्यापर्यंत पोचवायला इतकी मेहनत तेव्हाही लागत होती.

वाटेत काय गळतं

प्रोफाइल परत जोडलं आणि फोटो पुन्हा त्याच मेसेजिंग ॲपवरून पाठवून पाहिला. रंग बरेच सुधारले. पण नाडी बिघडली. मोठी करून पाहिली तर लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी-करडा ओघळ दिसत होता, आणि रेघ स्वतः कुठे जाड, कुठे तुटलेली. कोटाच्या कडेवरही तसंच. कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखं.

ॲपनं फाइल छोटी करून पुन्हा जेपेगमध्ये दाबली होती. जेपेग हे १९९२चं मानक, आणि ते चित्राचे दोन भाग करतं : उजेड वेगळा, रंग वेगळा. उजेड पूर्ण तपशिलानं ठेवला जातो. रंगाचा तपशील मात्र सहसा कमी केला जातो. नेहमीच्या पद्धतीत दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात, म्हणजे रंगाच्या नोंदी एक चतुर्थांशच उरतात. ही लबाडी नाही. आपल्या डोळ्याला रंगाचा बारीक तपशील खरोखरच कमी दिसतो, म्हणून एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीतही हाच विचार होता, उजेडाला भरपूर जागा आणि रंगाला थोडी.

चेहरा, झाड, इमारत, कशाचाही फोटो घ्या, कडा उजेडात असतात. रंग थोडा इकडेतिकडे सांडला तरी उजेडाची रेघ त्याला धरून ठेवते. या फोटोत ती रेघच नाही. इथे कड आहे ती फक्त रंगाची, आणि दाबताना नेमका रंगच टाकून दिला जातो.

हे कळलं तेव्हा सगळं प्रकरण माझ्यासाठी उलगडलं. फोटो वाटायची आपली सगळी व्यवस्था असं धरून चालते, की आकार उजेड-अंधारात असतो आणि रंग त्यावर नंतर चढवलेला असतो. जेपेग तसं मानतं, ज्येष्ठांचं शिक्षण तसं झालं होतं, आणि 'थोडा उठाव देऊ' म्हणणारा मुलगाही तसंच मानत होता. त्याच्यासाठी रंग म्हणजे कमी-जास्त करायचा एक स्लायडर होता. रंगासाठीच आवडणाऱ्या फोटोत हे गृहीतक लागू होत नाही, आणि म्हणून असे फोटो वाटेत सगळ्यात जास्त जखमी होतात.

दुरुस्ती

पहिलं पाऊल सोपं पण नेमकं चुकणारं. प्रोफाइल हरवलेल्या फाइलला आधी ॲडोबी आरजीबी हे प्रोफाइल 'नेमून' द्यायचं असतं, म्हणजे आकड्यांना त्यांचा अर्थ परत द्यायचा. नंतर ती एसआरजीबीत 'रूपांतरित' करायची, म्हणजे अर्थ तोच ठेवून आकडे बदलायचे. दोन्ही आज्ञा मेनूत शेजारी असतात आणि लोक सर्रास एकीच्या जागी दुसरी वापरतात. इथे मूळ फाइल सुरक्षित होती म्हणून ती थेट रूपांतरित केली आणि निघालेल्या फाइलमध्ये प्रोफाइल पक्कं बसवलं.

रूपांतरानंतर भिंतीचा एक पट्टा सपाट झाला. पत्र्याच्या पन्हाळ्यांमध्ये फिरोजीच्या ज्या गर्द छटा होत्या त्या एसआरजीबीच्या बाहेर पडत होत्या. बाहेरचा प्रत्येक रंग ओढून काठावर आणला गेला आणि तीन-चार वेगळ्या छटा एकच होऊन बसल्या. सगळ्या छटा प्रमाणात आत आणणाऱ्या रूपांतराच्या 'पर्सेप्च्युअल' पर्यायानं हे टळावं असं वाटतं, पण नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये त्यासाठी लागणारे तक्तेच नसतात, त्यामुळे पर्याय निवडला तरी फारसं काही बदलत नाही. हाताशी उपाय एकच उरतो, रूपांतराआधी रंग स्वतः खाली आणणं.

तिनं आधी फक्त फिरोजीचं सॅच्युरेशन कमी केलं. पन्हाळ्या परत आल्या, पण फोटो पडला. लाल एकटाच ओरडायला लागला. मग तिनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं लालही खाली आणला, जवळजवळ तितकाच, आणि मध्ये मध्ये राखाडी प्रत काढून पाहत राहिली. कोट राखाडीत दिसायला लागला की समजायचं, तोल गेला. गायब झाला की तोल परत आला. लाल खाली आणल्याचा आणखी एक फायदा झाला. रेनकोटाच्या छातीवर लाल चॅनल (तीन आकड्यांपैकी लालचा) २५५ला जाऊन टेकला होता आणि तिथल्या घड्या बुजल्या होत्या. तिन्ही चॅनलचा एकत्र हिस्टोग्राम (कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) पाहिला तर हे कळतच नाही, लालचा वेगळा पाहावा लागतो. आता घड्या मोकळ्या झाल्या.

तयार झालेली प्रत मूळ मॉनिटरवरच्या फोटोपेक्षा स्पष्टपणे शांत आहे. दोन्ही रंग फिके झालेत. पण कड थरथरते.

उरलेली कामं पटापट झाली. पाठवायच्या मापाची फाइल तिनं स्वतःच तयार केली, म्हणजे ॲपनं ती छोटी करायचं कारण राहू नये. एक्सपोर्ट करताना रंगाचा तपशील पूर्ण ठेवला, काही प्रोग्रॅममध्ये दर्जा वरचा ठेवला की हे आपोआप होतं. आणि फोटो म्हणून न पाठवता तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचली.

पाहणाऱ्यांच्या बाजूला

फाइल सुधारली तरी काही फरक उरलेच. भिंत हिरवी म्हणणारीच्या फोनवर रात्रीचा मोड चालू होता. तो निळा कमी करतो, आणि फिरोजीतून निळा गेला की हिरवाच उरणार. ज्याला फोटो भडक दिसला होता त्याच्या स्क्रीनची सेटिंग 'व्हिव्हिड' होती. अनेक फोनमध्ये ती मिळतानाच चालू असते आणि प्रत्येक रंग स्क्रीनच्या क्षमतेपर्यंत ताणते. दोघांनी सेटिंग बदलून पाहिल्यावर त्यांचं गटाशी बरंचसं जमलं. पण सगळ्यांकडून ही अपेक्षा ठेवायची नाही, यावर मी ठाम आहे.

आजूबाजूचा भाग मात्र आपल्या हातात असतो. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या विणकामात काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. रंग तपासला तर त्यात दोष नव्हता. दोष होता शेजारच्या रंगाचा, तो काळ्याचं रूप बदलत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. आपल्याकडे कुणाचं ॲप पांढऱ्या पार्श्वभूमीचं, कुणाचं काळ्या, आणि फोटोच्या वर-खाली दुसऱ्यांचे वाट्टेल त्या रंगाचे फोटो. तिनं फोटोभोवती मध्यम राखाडी रुंद किनार ठेवली. हा बदल दिसायला क्षुल्लक होता, पण मतांमधला फरक कमी करण्यात त्याचा वाटा मला मोठा वाटतो.

एका सदस्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असं सुमारे ८ टक्क्यांच्या बाबतीत असतं, स्त्रियांत साधारण ०.५ टक्का. अशा नजरेला निळसर-हिरवा हा करड्याच्या जवळ जातो आणि लाल तपकिरी-पिवळसर दिसतो. त्यांना पहिला, बिघडलेला फोटोच जास्त आवडला होता, कारण त्यात कोट भिंतीहून गडद होता आणि स्पष्ट दिसत होता. दुरुस्त फोटोत त्यांच्यासाठी एक पुसट आकार उरला. ते म्हणाले, "तुम्ही सगळे कशाबद्दल बोलताय ते मला दिसत नाही, पण ते काय आहे ते सांगा." तेव्हा तिनं फोटोसोबत चार ओळी लिहिल्या. कुठे काय आहे, दोन रंगांचा उजेड सारखा आहे, आणि म्हणून कड ठरत नाही. त्यांनी त्या वाचून विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना तो कोट जवळपास मला दिसतो तसाच दिसतो, नुसता आकार हरवलेला, फक्त वर रंगाची झटापट जास्तीची?" हा प्रश्न या फोटोबद्दल झालेल्या चर्चेतला सगळ्यात नेमका होता. त्या ओळी इतरांनाही उपयोगी पडल्या. 'रंग मस्त' लिहिणारे त्या वाचून पुन्हा फोटोकडे गेले.

दुसऱ्याचा फोटो सुधारणं

उठाव देणाऱ्या मुलाशी मी बोललो. त्याचं म्हणणं असं, की त्याच्यासमोर आलेला फोटो खरोखरच फिका होता, आणि तो बरोबर होता. ज्यात लाल असा मंदावलेला आहे अशी फाइल पाहून कुणालाही हात शिवशिवतील. पण सॅच्युरेशन वाढवून तोल परत येत नाही. त्याच्या प्रतीत लाल पेटला, भिंत निळ्याकडे सरकली आणि राखाडीत कोट ठसठशीत दिसू लागला. छोट्या चौकोनात पाहताना भडक फोटो नेहमीच आधी नजरेत भरतो, म्हणून लोकांनी तो निवडला. आता गटात एवढं ठरलं आहे, की रंग बिघडल्यासारखा वाटला तर काढणाऱ्याला विचारायचं, 'तुझ्याकडे कसा दिसतो?' त्याला हे लगेच पटलं. तो तिला नंतर म्हणाला, "ताई, मी विचारायला हवं होतं."

मला इथे जुन्या स्लाइड्स आठवतात. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली बाजारात आली आणि २००९ साली तिचं उत्पादन थांबलं. स्लाइड पाहायची म्हणजे अंधार करून, प्रोजेक्टर लावून, सगळ्यांनी एकत्र बसून पाहायची. छायाचित्रकार सॉल लायटर यांनी १९४८पासून रंगीत काम केलं, आणि त्यातलं बरंच कित्येक दशकं स्लाइड्सच्या रूपात पडून होतं. पाहणारे मोजके असत, पण एका वेळी सगळ्यांसमोर एकच रंग असे. आमच्या गटात फोटो एका क्षणात सगळ्यांकडे पोचला आणि प्रत्येकाकडे वेगळा पोचला. लोक एकाच फोटोवर बोलतोय असं समजून वेगवेगळ्या फोटोंवर भांडत होते.

अजून न मिटलेलं

गटातल्या एकानं नंतर या फोटोचा प्रिंट काढला, तोही ॲडोबी आरजीबीतल्या मूळ फाइलवरून. चांगल्या इंकजेट प्रिंटरची निळसर शाई फिरोजीच्या काही छटा एसआरजीबीहून जास्त गर्द देऊ शकते. भिंत पहिल्यांदाच सगळ्यांना तिच्या पूर्ण खोलीनं दिसली. लाल मात्र स्क्रीनइतका तेजस्वी कागदावर येत नाही. शिवाय प्रिंट पिवळ्या बल्बखाली धरला की भिंत हिरवट होते, खिडकीजवळ नेला की परत येते. प्रिंट तपासायचा मानक प्रकाश ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, मानतात तो याचसाठी.

तर आता या फोटोची तीन खरी रूपं आहेत : तिच्या मॉनिटरवरचं, वाटण्यासाठी शांत केलेलं आणि कागदावरचं. तिच्या मते शांत केलेली प्रत हाच फोटो, कारण त्यातला तोल तिनं हातानं लावला आहे आणि तोच सगळ्यांपर्यंत पोचतो. बाकी दोन म्हणजे त्या भिंतीची नोंद. मला तसं वाटत नाही. माझ्यासाठी प्रिंटच मूळ आहे, कारण तो पाहताना आम्ही सगळे एकाच वस्तूकडे पाहत होतो. ज्येष्ठ सदस्य तिच्या बाजूनं आहेत. पुढच्या महिन्याच्या विषयापर्यंत हा वाद असाच चालू राहील असं दिसतंय.